जुन्या औषधाला वाली कोण?

संगणकाने जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधून काढला, अशी बातमी हल्ली वरचेवर वाचायला मिळते. बातमीचा साचा ठरलेला असतो. अमुक हजार औषधे आणि तमुक हजार आजार यांची यंत्राने सांगड घातली, त्यातून आशादायक नावांची यादी निघाली आणि आता असाध्य रोगांवरचे उपचार हाताशी आले. यादी निघाली इथपर्यंत बातमी बहुधा खरी असते. माझा आक्षेप शेवटच्या वाक्याला आहे. यादी करणे हे या साऱ्या उद्योगातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत झटपट होणारे काम झाले आहे. यादीतले एखादे नाव खरोखर रोग्याच्या उपयोगी पडते की नाही हे तपासायचे कोणी, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. औषध पेटंट संपलेले आणि चार-दोन रुपयांना मिळणारे असेल, तर त्याचे उत्तर 'कोणीच नाही' असे आहे. रोगी, डॉक्टर आणि संगणकशास्त्रज्ञ हे तिन्ही ज्या शहरात विपुल आहेत त्या मुंबईला हे उत्तर बदलता येण्याजोगे आहे, आणि ते सार्वजनिक पैशाने बदलले पाहिजे, असे माझे मत आहे.

तसे पाहिले तर औषधाला दुसरा उपयोग सापडणे ही गोष्ट जुनीच आहे. हृदयशूळावर म्हणून तपासले जात असलेले सिल्डेनाफिल १९९८ मध्ये व्हायाग्रा या नावाने भलत्याच कारणासाठी बाजारात आले आणि २००५ मध्ये फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या दाबावरचे औषध म्हणून त्याला आणखी एक परवाना मिळाला. गर्भवतींनी घेतल्यामुळे हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली म्हणून १९६१ मध्ये बाजारातून काढलेले थॅलिडोमाइड जेरुसलेमच्या एका डॉक्टरने १९६४ मध्ये वेदनेने तळमळणाऱ्या कुष्ठरुग्णाला निव्वळ झोप लागावी म्हणून दिले, आणि त्याच्या अंगावरच्या ठणकणाऱ्या गाठी पाहता पाहता ओसरू लागल्या. त्या उपयोगाला अमेरिकेत मान्यता मिळायला १९९८ उजाडले. पुढे २००६ मध्ये तेच औषध मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी मान्य झाले. हे सारे योगायोग होते आणि योगायोगावर कोणतीही आरोग्यव्यवस्था उभी करता येत नाही. म्हणूनच संगणकाची मदत घेण्याला माझा विरोध नाही, उलट ती घेतलीच पाहिजे.

या इतिहासातला मुंबईचा वाटा आपण जवळपास विसरलो आहोत. परळच्या केईएम रुग्णालयात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा दिल्यावर काय झाले, याची ती शिस्तीत मांडलेली नोंद होती. सर्पगंधा आपल्याकडे वेडावर आणि झोपेसाठी पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती आणि कोलकात्याच्या दोन डॉक्टरांनी १९३१ मध्येच तिचे दोन्ही गुण, म्हणजे मन शांत करणे आणि रक्तदाब उतरवणे, लिहून ठेवले होते. पण जगाने कान दिला तो वकिलांच्या आकड्यांना. त्यानंतर पाच वर्षांनी अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी सर्पगंधेतल्या रेसरपिन या द्रव्याचा मनोरुग्णांवर उपयोग करून पाहिला आणि १९५७ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार या दोघांनाही मिळाला. म्हणजे एकाच मुळीचे दोन उपयोग एका भारतीय नियतकालिकाच्या पानांवर दोन दशके पडून होते. ज्ञान नव्हते असे नव्हे. ते वाचणारा आणि तपासून पाहणारा नव्हता.

संगणकीय पद्धतींचा जन्म नेमका या दुखण्यातून झाला. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन हे डॉक्टर नव्हते, ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक होते. थंडीत हातापायांची बोटे पांढरी पडून बधिर होतात त्या रेनॉड्स विकाराविषयीचे लेख एकीकडे सांगत होते की या रुग्णांचे रक्त दाटसर असते आणि रक्तवाहिन्या आकसतात. माशाच्या तेलाविषयीचे लेख दुसरीकडे सांगत होते की त्याने रक्ताचा दाटपणा कमी होतो. दोन्ही गटांतले संशोधक एकमेकांचे लेख वाचत नव्हते. स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये या दोन ढिगांमधला दुवा कागदावर मांडला आणि माशाचे तेल या विकारावर करून पाहावे असे सुचवले. मुंबईकराला हे दादरच्या उदाहरणाने चटकन कळेल. आयुष्यभर पश्चिम रेल्वेने फिरलेला आणि आयुष्यभर मध्य रेल्वेने फिरलेला असे दोन प्रवासी असले, तरी विरारहून कल्याणला जाता येते हे ज्याने दादरचा पूल पाहिला आहे त्यालाच सुचते. आजची यंत्रे हेच काम करतात. फक्त त्यांच्या नकाशावर लाखो स्थानके असतात आणि प्रत्येक स्थानक म्हणजे एखादे औषध, प्रथिन, जनुक, लक्षण किंवा आजार असतो. २०२४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या टीएक्सजीएनएन या प्रारूपाने ७,९५७ औषधे आणि १७,०८० आजार असे एकाच जाळ्यात ओवले, आणि ज्यांच्यावर आज एकही औषध नाही अशा आजारांसाठीही नावे सुचवली.

दुसरी रीत वेगळी आहे. पेशींवर औषध टाकले की त्यांतली काही जनुके जागी होतात, काही झोपतात. त्या बदलाची जणू एक सही उमटते. आजारानेही अशीच सही उमटते. ज्या औषधाची सही आजाराच्या सहीच्या नेमकी उलट असेल ते त्या आजारावर उपयोगी पडेल, असा हा तर्क. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये १६४ रसायनांपासून या सह्यांचा संग्रह सुरू केला आणि २०१७ पर्यंत तो तेरा लाखांवर नेला. प्रथिनाच्या खाचेत औषधाचा रेणू बसतो का हे पडद्यावर बसवून पाहणे ही तिसरी रीत, आणि ती बहुतेकांना ऐकून ठाऊक असते.

हे तर्क देखणे आहेत, पण देखणा तर्क आणि बरा झालेला रोगी यांच्यामध्ये बरेच अंतर असते. सह्या जुळवण्याच्या पद्धतीने २०११ मध्ये असे सुचवले की फिट्सवरचे टोपिरामेट हे औषध आतड्यांच्या दाहावर चालावे. उंदरांमध्ये ते चाललेही. मग विम्याच्या नोंदींमधून, इतर कारणांसाठी टोपिरामेट घेणाऱ्या आतड्याच्या रुग्णांचा शोध घेतला गेला, तेव्हा त्यांचा आजार कमी उसळत होता असे काही दिसले नाही. कोविडच्या काळातले उदाहरण याहून बोलके आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये विषाणूला रोखणारी जुनी औषधे त्या वेळी भराभर सापडत होती. २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने दाखवून दिले की त्यांतली पुष्कळशी औषधे विषाणूवर नेम धरून काम करतच नव्हती. ती पेशींमध्ये चरबीसदृश द्रव्य साठवून पेशींचाच कारभार बिघडवत होती आणि त्या गोंधळात विषाणूची वाढ खुंटत होती. तो परिणाम काचेच्या बशीत दिसतो, माणसात तो उपयोगाचा नसतो. यंत्राला ही माहिती दिलेली नसेल, तर ते तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने हजार वेळा करील.

कोविडने आपल्याला या विषयाचे तिन्ही धडे एकाच साथीत दिले आणि आपण त्यांतला सोयीचा तेवढा लक्षात ठेवला. सोयीचा धडा बॅरिसिटिनिबचा. संधिवातावरचे हे औषध कोविडवर चालेल, असे बेनेव्होलंटएआय या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांनी माहितीच्या जाळ्यातून शोधून फेब्रुवारी २०२०च्या सुरुवातीलाच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तेव्हा भारतात जेमतेम तीन रुग्ण सापडले होते. पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये ते औषध खरोखर उतरले. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी केले. संगणकाची ही निःसंशय कमाई आहे. तिच्यात एक बारकावा आहे तो एवढाच, की विषाणूला पेशीत शिरू न देणे हा जो गुण भाकितात पुढे केला होता, त्यापेक्षा दाह शमवणे हा त्या औषधाचा जुनाच गुण प्रत्यक्षात कामी आला असे दिसते.

दुसरा धडा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून ते घेण्याची शिफारस केली. धारावीत आणि वरळीत ते वाटण्याचा बेतही एप्रिलमध्ये चर्चेत होता. माझ्या आत्याला संधिवातासाठी हीच गोळी वर्षानुवर्षे लागते. त्या एप्रिलमध्ये लालबागपासून दादरपर्यंत चार केमिस्टांनी मला हात हलवून परत पाठवले, पाचव्याने एक पट्टी दिली, आणि ज्यांना तिची काहीच गरज नव्हती अशा किती घरांच्या फ्रिजवर त्या पट्ट्या पडून होत्या हे मला नंतर ओळखीपाळखीतच कळले. जूनमध्ये रिकव्हरी चाचणीने सांगितले की रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना त्या गोळीचा फायदा होत नाही.

तिसरा धडा डेक्सामेथासोनचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. दमा, सूज, ॲलर्जी अशा किती तरी गोष्टींसाठी साठ वर्षे वापरले जाणारे हे औषध आपल्या गल्लीतल्या केमिस्टकडेही किरकोळ पैशांत मिळते. ते शोधायला कोणत्याही बुद्धिमान यंत्राची गरज पडली नाही. उलट ते द्यावे की देऊ नये यावर डॉक्टरांमध्येच दुमत होते. जून २०२० मध्ये त्याच रिकव्हरी चाचणीतून उत्तर मिळाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. हे उत्तर मिळाले, कारण ब्रिटनने आपली पावणेदोनशे सरकारी रुग्णालये एका साध्या प्रश्नाला जुंपली होती. रुग्णाची संमती घ्यायची, त्याला कोणता उपचार द्यायचा हे जणू चिठ्ठी टाकून ठरवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो जिवंत आहे का एवढे लिहायचे. बॅरिसिटिनिबची खरी-खोटी झाली तीही याच चाचणीच्या घाण्यात आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचीही याच घाण्यात. भाकिते पुष्कळांकडे होती. घाणा एकाकडे होता.

असा घाणा मुंबईत चालू शकतो का, या शंकेला उत्तर परळमध्येच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या अकरा केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचे, बस. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत भूल देतात तेच हे लिग्नोकेन. कापाकापीच्या वेळी कर्कपेशींचा रक्तात शिरण्याचा मार्ग त्याने अडेल, हा त्यामागचा विचार. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. कर्करोगाच्या एखाद्या महागड्या नव्या औषधाने एवढे केले असते, तर त्याच्या जाहिरातीला आकाश ठेंगणे झाले असते. त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या गटाने संधिवातातही दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीवरचे सेलेकॉक्सिब यांच्या गोळ्या तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात देऊन पाहिल्या. शिरेतून द्यावयाच्या सिस्प्लॅटिनवर रुग्ण सरासरी ६.१ महिने जगत, तर या गोळ्यांवर ७.५ महिने, असे २०२० मध्ये दिसून आले. दीड महिना म्हणजे फार नव्हे. पण पनवेलच्या पलीकडून दर खेपेस सलाईनसाठी येऊन रस्त्याकडेला मुक्काम ठोकणाऱ्या कुटुंबाला, गोळ्या घेऊन घरी जाता येणे म्हणजे काय, हे त्या फुटपाथवरून एकदा चालत गेलेल्याला समजावून सांगावे लागणार नाही.

लिग्नोकेनच्या चाचणीवर एक रास्त आक्षेप आहे. ज्यांना औषध दिले नाही त्या गटाला साध्या खाऱ्या पाण्याचेही इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे परिणाम औषधाचाच का, अशी शंका उरते आणि ती दुसऱ्या चाचणीनेच फिटेल. ही दुसरी चाचणी करण्यात मात्र कोणत्याही औषध कंपनीचा स्वार्थ नाही. लिग्नोकेन कोणीही बनवतो. एकाने पैसे घालून ते सिद्ध केले तर नफा सगळ्यांचा. कोणताही एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, बॅग घेऊन सर्जनकडे जाऊन 'डॉक्टरसाहेब, हे करून बघा' असे सांगणार नाही. लोकलच्या प्रत्येक डब्यात बेवारस वस्तूंना हात लावू नका अशी पाटी असते. आपल्या औषधव्यवस्थेनेही पेटंट संपलेल्या औषधांच्या बाबतीत ती पाटी मनावर घेतली आहे.

यावर कंपन्यांच्या बाजूने नेहमी एक उपाय सुचवला जातो. नव्या उपयोगाला पेटंट द्या, म्हणजे तो तपासायला कोणीतरी पैसा लावील. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(ड) ते देऊ देत नाही. माहीत असलेल्या पदार्थाचा निव्वळ नवा गुण किंवा नवा उपयोग सापडला, म्हणून त्याला शोध मानता येत नाही, असे ते सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात या कलमाला बळकटी दिली. हे कलम सैल करावे असे मला मुळीच वाटत नाही, आणि त्याचे कारण कोल्चिसिन. संधिवातासारख्याच गाउट या दुखण्यावरचे हे औषध शतकानुशतके वापरात आहे. अमेरिकेत २००९ मध्ये एका कंपनीने त्याच्या रीतसर चाचण्या करून विक्रीचा मर्यादित काळासाठीचा एकाधिकार मिळवला, आणि साधारण ९ सेंटची गोळी ४ डॉलर ८५ सेंटला झाली. पुरावा मिळाला खरा, पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांतल्या अनेकांच्या आवाक्याबाहेर औषध गेले. जुन्या औषधाचे सगळे मोल त्याच्या स्वस्ताईत असते. ती घालवून मिळवलेला पुरावा आपल्या देशाला परवडणारा नाही.

मग पैसा कोणी घालायचा? जिथे बाजाराला रस नाही तिथे सरकारने, हे उत्तर कोणाला भाबडे वाटेल. पण बाजाराचा सर्वांत मोठा भक्त असलेला देशही तेच करतो आहे. स्वतःला झालेल्या कॅसलमन या लसिकाग्रंथींच्या दुर्मीळ आजारावर, अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सिरोलिमस चालेल असे शोधून त्यावर जगलेले डॉ. डेव्हिड फायगेनबॉम यांनी २०२२ मध्ये एव्हरी क्युअर ही ना-नफा संस्था स्थापन केली, आणि जुन्या औषधांची यंत्राद्वारे छाननी करण्यासाठी अमेरिकी सरकारच्या एका संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तिला ४ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक निधी दिला. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने जुन्या औषधांसाठी स्वतंत्र कार्यक्रम काढला, आणि स्तनाच्या कर्करोगावरचे ॲनास्ट्रोझोल हे औषध तो कर्करोग होऊ नये म्हणूनही देता येईल, अशी अधिकृत मान्यता नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळवून दिली. परवाना एका जेनेरिक कंपनीच्या नावावर झाला, पण नफ्याविना.

आपल्याकडे अडचण केवळ पैशाची नाही, नियमाचीही आहे, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या यांविषयीच्या २०१९च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त औषधाची नव्या आजारासाठी शैक्षणिक चाचणी करायची असेल, तर केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागत नाही; नैतिकता समितीची मान्यता पुरते. ही सवलत उत्तम आहे. पण त्याच नियमांतल्या व्याख्येने असेही ठरवले आहे की अशा चाचणीचे निष्कर्ष फक्त शैक्षणिक किंवा संशोधनाच्या कामासाठी असतील, विक्रीसाठीची मान्यता मागायला नाहीत. म्हणजे केईएममधल्या किंवा टाटामधल्या डॉक्टरने सचोटीने चाचणी केली आणि औषध उपयोगी ठरले, तरी तो उपयोग औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकावर येण्याचा सरळ मार्ग नाही. उपयोग माहितीपत्रकावर नाही म्हणून सरकारी खरेदीच्या यादीत तो धरला जात नाही, आणि काही बिनसले तर डॉक्टर एकटा पडतो. पुराव्याला दाराशी आणायचे आणि दार आतून लावून घ्यायचे, असा हा प्रकार आहे. व्याख्येतले ते एक वाक्य बदलून, आधी नोंदवलेल्या आणि दर्जा तपासलेल्या शैक्षणिक चाचण्यांचे निष्कर्ष नियंत्रकापुढे ठेवण्याची मुभा दिली, तर त्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.

नियम आणि पुरावा यांची फारकत झाली की काय होते, हे लेट्रोझोलच्या बाबतीत दिसले. स्तनाच्या कर्करोगावरचे हे औषध आपल्याकडे अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ वंध्यत्वासाठी देत होते. २०११ मध्ये सरकारने त्या वापरावर बंदी घातली. प्रश्न आपला, औषध आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात, रुग्णांचा तुटवडा नाही. पण निर्णायक मोठी चाचणी झाली ती अमेरिकेत. पीसीओएस हा बीजकोशाचा विकार असलेल्या ७५० स्त्रियांच्या त्या चाचणीत लेट्रोझोल जुन्या क्लोमिफीनपेक्षा सरस ठरले, २०१४ मध्ये. पुढे आपल्याकडची बंदीही उठली. बंदी घालणाऱ्यांची काळजी मी खोटी म्हणत नाही, कारण पुराव्याविना वापर चालला होता हे खरेच होते. पण बंदी घालताना त्यासोबत चाचणीचा आदेश निघाला असता, तर ते उत्तर आपल्याला आपल्याच रुग्णांकडून मिळाले असते.

आणि जुने औषध म्हणजे निर्धोक औषध, हा समजही यादी करणाऱ्यांनी फार पसरवला आहे. औषध सुरक्षित असते ते ठरावीक मात्रेत, ठरावीक दिवसांपुरते. लिनेझोलिड हे प्रतिजैविक २००० साली न्यूमोनिया आणि त्वचेच्या संसर्गांसाठी आले, ते जास्तीत जास्त २८ दिवस द्यायचे म्हणून. आज शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर तेच महिनोन्‌महिने द्यावे लागते आणि त्यातून हातापायांच्या नसा बधिर होतात, रक्तातल्या पेशी घटतात. तरीही ते द्यावे लागते, कारण क्षय त्याहून वाईट. त्याच्या जोडीला कधी क्लोफॅझिमिन असते. त्या औषधाची कथा तर गमतीची आहे. ते डब्लिनमध्ये १९५०च्या दशकात क्षयासाठीच तयार झाले, तिथे निरुपयोगी ठरवले गेले, कुष्ठरोगात नावारूपाला आले आणि अर्ध्या शतकानंतर क्षयाकडे परत आले. यंत्राच्या यादीत 'निरुपयोगी' असा शिक्का बसलेली अशी आणखी किती औषधे असतील, याचा विचार करण्यासारखा आहे.

यंत्राला दिसते ते लिहिलेले. जे लिहिले गेले नाही ते त्याच्या लेखी घडलेच नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, पटापट जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारी रात्री काढून दंशानंतरची एकेक खूण टिपली. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि मग हृदय थकून फुप्फुसांत पाणी होते. विषामुळे शरीरातली ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये एकदम उसळतात हे त्यांनी ओळखले, आणि त्यांना अडवणारे रक्तदाबावरचे प्रेझोसिन देऊन पाहिले. १९८०च्या दशकात त्यांनी ते लॅन्सेटमध्ये लिहिले. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत, तिथे प्रेझोसिननंतर ते प्रमाण चारच्या आत आले. विष, ॲड्रेनलिन, रक्तवाहिनी, प्रेझोसिन ही साखळी आजचे यंत्र क्षणार्धात जोडील यात शंका नाही. पण साखळीची पहिली कडी, म्हणजे विंचवाच्या विषाने नेमके काय होते, ही महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात कोणीतरी लिहून ठेवली म्हणूनच ते शक्य होते. ती लिहिली नसती, तर बोस्टनमधल्या कोणत्याही संगणकाला विंचू ठाऊकच नसता. जनुकांचे जे मोठे संग्रह या यंत्रांचे खाद्य आहेत त्यांत युरोपीय वंशाच्या माणसांचा भरणा आहे, आणि आजारांच्या नोंदी श्रीमंत देशांच्या विम्याच्या कागदांतून आलेल्या आहेत. आपल्या रोगांची साखळी आपणच लिहिली पाहिजे.

इथे मुंबईची श्रीमंती आणि तिचे दारिद्र्य एकाच जागी दिसते. केईएम, सायन, नायर, जेजे यांच्या ओपीडीत रोज जेवढे वैद्यकीय ज्ञान घडते तेवढे जगात फार थोड्या ठिकाणी घडत असेल, आणि त्यातले पुष्कळसे केसपेपरवरच्या घाईच्या अक्षरात विरून जाते. रुग्ण पुन्हा आला नाही तर तो बरा झाला, दुसरीकडे गेला की गेलाच, हे कळत नाही. या नोंदी संगणकावर आणताना रुग्णाची ओळख झाकणे आणि त्याची संमती घेणे आवश्यक आहे. २०२३चा विदा (डेटा) संरक्षण कायदाही संमतीवर भर देतो. ओपीडीच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नोंदी एखाद्या कंपनीने फुकट उचलून त्यावर आपले यंत्र पोसावे, याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्या नोंदींवरून निघालेल्या याद्या, फसलेल्या भाकितांसह, सर्वांना खुल्या असाव्यात.

पवईतली आयआयटी आणि परळमधली रुग्णालये यांच्यात पूल बांधता येतो, हे एकदा सिद्ध झाले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण त्या पुलाच्या टोकाला विकता येण्याजोगी वस्तू होती. लिग्नोकेनच्या पुलाच्या टोकाला काहीच विकायचे नाही, म्हणून तिथे सार्वजनिक हात लागतो. तो हात आकाशातून यायला नको. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रत्येक एमडी, एमएस विद्यार्थ्याला पदवीसाठी प्रबंध लिहावाच लागतो. मुंबईतल्याच पालिकेच्या आणि सरकारच्या महाविद्यालयांतून दरवर्षी असे शेकडो प्रबंध बाहेर पडतात. पन्नास-साठ रुग्णांचे, एकमेकांशी असंबद्ध, घाईत पुरे केलेले असे त्यांतले बहुतेक ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात बांधून ठेवले जातात, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्यातलाच एखादा विषय नव्या नावाने घेतो. विद्यापीठाने दरसाल संगणकीय छाननीतून आलेल्या जुन्या औषधांपैकी दोन-तीन प्रश्न निवडावेत, एकच आराखडा सर्व महाविद्यालयांना द्यावा, चाचणी देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंदवावी, आणि तीस निवासी डॉक्टरांनी प्रत्येकी पन्नास रुग्ण घेऊन एकाच प्रश्नाचे पंधराशे रुग्णांचे उत्तर काढावे. गाठीभोवती लिग्नोकेन की खारे पाणी, हा पहिल्या वर्षीचा प्रश्न म्हणून शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांपुढे आजही ठेवता येईल. दोन्ही बाटल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवर आधीपासूनच असतात.